रेघेबाहेरची माती

गावाच्या जुन्या भाषेत जमिनी दोनच: काळी आणि पांढरी. काळीत पिकवायचं, पांढरीत राहायचं. विदर्भातल्या कबड्डीच्या ग्राउंडचं निम्मं शहाणपण या दोन शब्दांत आहे, कारण काळीवर कबड्डी खेळता येत नाही.

कापसाची ही जमीन ओली झाली की पायाला गोळे धरते आणि सुकली की भेगाळते. त्या भेगेत टाच अडकली तर घोटा गेलाच. तिच्यातली चिकणमाती पाणी पिऊन फुगते, पाणी आटलं की आकसते. म्हणून कितीही रोलर फिरवा, काही दिवसांत ती पुन्हा हलतेच. शाळेचं आवार असो की बाजाराची जागा, खाली बहुधा काळीच असते. मग वर पांढरी आणून घालायची: पडलेल्या घराच्या भिंतीची माती, गावठाणाच्या कडेची माती, नाल्याच्या वळणावर साचलेला रेतीचा गाळ. यात भिंतीची माती सगळ्यांत गुणाची. ती कोणीतरी एकदा भिजवून, कुटार म्हणजे मळणीचा भुसा घालून, पायांनी तुडवून मुरवलेली असते. तिला ढेकूळ होण्याची सवय उरलेली नसते. एखाद्याचं जुनं घर पाडायला निघालं की गावातले खेळाडू त्या ढिगाऱ्यावर आधीच शब्द टाकून ठेवतात.

किती माती लागते याचा हिशोब बहुतेक ठिकाणी चुकतो. पुरुषांचं ग्राउंड १३ मीटर लांब आणि १० मीटर रुंद, महिलांचं १२ बाय ८. पण माती तेवढ्याच मापात टाकली तर अंतिम रेषेबाहेर फेकला गेलेला खेळाडू थेट काळीच्या ढेकळांवर आपटतो, आणि गुडघे-कोपरं फुटतात ती तिथंच. चारही बाजूंनी दोन-दोन मीटर जास्त धरायचं, म्हणजे १७ बाय १४. दहा सेंटिमीटर, म्हणजे चार बोटांपेक्षा थोडा जास्त थर हवा. याचे झाले जवळपास २४ घनमीटर, साडेआठ ब्रास (एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट). ट्रॅक्टरची ट्रॉली साधारण एका ब्रासची. मात्र ट्रॉलीतली माती मोकळी असते, पाणी आणि रोलर पडला की बसते, म्हणून दहा ट्रॉल्या सांगाव्यात. आठांत भागवलं की तिसऱ्या दिवशी कोपऱ्यात, जिथं पकडी होतात तिथं, खालची काळी डोकावायला लागते.

ट्रॉली रिकामी केली की काम सुरू होतं ते चाळणीचं. गवंडी रेती चाळायला उभी करतात तीच तिरपी चाळणी. सगळी माती तिच्यातून गेली पाहिजे, यात सूट नाही. भिंतीच्या मातीत खापरं असतात, खिळे असतात, बाटल्यांच्या काचा असतात. खडा दिसतो, काच दिसत नाही. नियमपुस्तकांत मातीच्या ग्राउंडसाठी माती, शेणखत आणि लाकडाचा भुसा असं मिश्रण सांगितलेलं आहे. भुसा आरामशीनवर मिळतो. दहा घमेली मातीला एक घमेलं भुसा पुरतो, पण तोही चाळूनच, नाहीतर लाकडाची फास तळव्यात जाते. शेणखताबाबत माझं मत स्पष्ट आहे: पूर्ण कुजलेलं, वास गेलेलं, चहापत्तीसारखं मोकळं झालेलं असेल तरच, आणि तसं नसेल तर नकोच. अनवाणी पाय, खरचटलेले गुडघे आणि शेणाची माती एकत्र आली की धनुर्वाताची भीती असते. स्पर्धेच्या आधी खेळाडूंनी त्याची लस घेतलेली आहे ना, हे संघाच्या सरांनी विचारायला हवं.

पाणी दुपारी तीनच्या सुमारास, झारीनं किंवा पाइपच्या तोंडाला बोट लावून, पावसासारखं. धार धरली की खड्डा पडतो. तासाभरानं पाण्यानं भरलेला २०० लिटरचा ड्रम आडवा करून फिरवायचा. मग मूठभर माती घेऊन दाबायची. मुठीचा आकार राहिला आणि कमरेएवढ्या उंचीवरून टाकल्यावर फुटला, तर ग्राउंड तयार. टाकल्यावर गोळाच राहिला तर पाणी जास्त झालं, चढाईपटू वळताना घसरणार. मुठीतच भुरभुरली तर कमी झालं, पहिल्या सामन्यातच धुळीचा लोट उठणार आणि चढाई करणाऱ्याचा दम त्या धुळीत जाणार.

आखणीला दोरी आणि चार खुंट्या. काटकोन गवंड्याच्या रीतीनं काढायचा, तीन-चार-पाच. एका बाजूला ३ मीटर, दुसऱ्या बाजूला ४ मीटर, मधली तिरपी दोरी बरोबर ५ मीटर भरली की कोपरा खरा. शेवटी दोन्ही कर्ण मोजायचे. १३ बाय १० च्या ग्राउंडचा कर्ण १६ मीटर ४० सेंटिमीटर येतो. दोन कर्णांत चार बोटांचा फरक असेल तर दोरी पुन्हा सोडावी. घाईत हे राहून जातं आणि ग्राउंड पतंगासारखं तिरपं होतं. मग निदान रेषा, जी चढाईपटूनं ओलांडलीच पाहिजे ती, मध्यरेषेपासून एका टोकाला ३.७५ मीटरवर आणि दुसऱ्या टोकाला ३.६० वर पडते, आणि भांडण पंचाच्या गळ्यात पडतं. निदान रेषेच्या पुढं १ मीटरवर बोनस रेषा, तिथून १.७५ मीटरवर अंतिम रेषा. दोन्ही बाजूंना एकेक मीटर राखीव क्षेत्र, ज्याला आता सगळे लॉबी म्हणतात.

रेषा फक्कीची, म्हणजे पांढऱ्या पुडीची. कळीचा चुना अजिबात नको, घाम लागला की तो कातडी भाजतो आणि डोळ्यात गेला तर डोळाच जातो. फक्की प्रत्येक सामन्याला पुसते, म्हणून काही गावांत बाजेची पांढरी नवार ताणून ठोकतात. नवार चांगली, पण तिचे खिळे वर येतात. लाकडी खुंट्या वीतभर खोल ठोकून त्यांची डोकी मातीखाली दाबावीत, आणि प्रत्येक सामन्यानंतर एका माणसानं अनवाणी पायानं सगळ्या नवारीवरून चालत जावं. पायाला लागलं तर हातानं काढता येतं, पडणाऱ्या खेळाडूला लागलं तर टाके.

इथवर ग्राउंड झालं. पण त्याचा काठ अजून रिकामा आहे, आणि ग्राउंडची ओळख लोकांच्या मनात राहते ती काठामुळं.

हे जगात सगळीकडं तसंच असावं. फुटबॉलच्या जुन्या मैदानांच्या आठवणी काढणारे लोकही गोलांपेक्षा काठावरच्या रीतीच जास्त सांगतात. इंग्लंडात श्रूजबरीचं जुनं मैदान सेव्हर्न नदीच्या अगदी काठाला होतं. चेंडू नदीत गेला की फ्रेड डेव्हिस नावाचा माणूस टोपलीसारख्या गोल होडीतून जाऊन तो काढून आणायचा. कलकत्त्यात २९ जुलै १९११ ला मोहन बागान या देशी संघानं ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंट या गोऱ्या पलटणीच्या संघाला २-१ नं हरवलं, तेव्हा मागच्या गर्दीला खेळ दिसत नव्हता, म्हणून गोलसंख्या लिहिलेले पतंग उडवून कळवलं गेलं. आणि स्कॉटलंडात ॲबरडीनच्या पिटोड्री मैदानावर डोनाल्ड कोलमन या प्रशिक्षकानं मैदानाच्या कडेला जमिनीत अर्धी बुडालेली, वरून झाकलेली बसायची जागा करून घेतली. त्याला खेळाडूंचे पाय बघायचे होते, डोळ्यांच्या पातळीवर. आज टीव्हीवर दिसणारे राखीव खेळाडूंचे सगळे 'डगआउट' त्या हट्टाचे वंशज आहेत. आपल्याकडं कामठीला फुटबॉलचा मोठा नाद आहे, तिथल्या जुन्या बघ्यांना हे वेगळं सांगावं लागणार नाही.

कोलमनला जे खणून मिळवावं लागलं ते कबड्डीत मुळातच आहे. आउट झालेला खेळाडू अंतिम रेषेच्या मागं दोन मीटरवर आखलेल्या चौकटीत जाऊन बसतो. मातीवर, मांडी घालून किंवा उकिडवा. त्याचे डोळे येतात उभ्या खेळाडूच्या मांडीच्या खाली. बोनस देताना पाहायचं काय असतं? एक पाय बोनस रेषेच्या पलीकडं टेकला आणि त्याच क्षणी दुसरा पाय हवेत होता का, एवढंच, आणि तेही समोर किमान सहा बचावपटू असताना. उभ्या माणसाला हे वरून दिसतं आणि वरून पाहिलं की जमीन आणि तळवा यांच्यातली दोन बोटांची फट कळत नाही. बसलेल्याला ती फट आरपार दिसते. म्हणून आरोळी पहिल्यांदा त्या रांगेतून उठते, "टांग उचलली होती नं त्यानं!" पंचानं अर्थातच स्वतःच्या डोळ्यांवर निर्णय द्यायचा असतो. पण चांगला पंच त्या क्षणी स्वतःही गुडघ्यात वाकलेला असतो, हे लक्ष देऊन पाहावं.

या रांगेचा क्रम मोडता येत नाही. जो पहिला आउट झाला तो पहिला उठतो. समोरचा एक गडी बाद झाला की इकडचा एक आत, दोन बाद झाले की दोन. संघ गडबड करतात ती इथंच. भरवशाचा चढाईपटू रांगेत तिसरा बसलेला असतो आणि दोन चढायांत तो सरकत सरकत पहिला होतो. दोन्ही टोकांना बसणाऱ्या सहाय्यक गुणलेखकांचं खरं काम हेच: आउट होईल तसा जर्सीचा नंबर लिहायचा आणि उठेल तसा खोडायचा. गावातल्या स्पर्धेत हे काम शाळकरी पोरावर ढकलतात, ते चूक आहे. त्या टोकाला शांत डोक्याचा, आरडाओरड्याला न बधणारा माणूस बसवावा.

हुतूतूच्या जुन्या रीतींमध्ये ही रांग वेगवेगळी असे. संजीवनीत गडी उठायचा, आज खेळतो ती कबड्डी तिच्याच वाटेनं आली. गामिनीत बाद झालेला गडी संघ संपेपर्यंत बसूनच राहायचा. अमरमध्ये कोणी बसायचंच नाही, गुण मोजायचा आणि खेळत राहायचं. म्हणजे अमरच्या ग्राउंडला ही रांगच नव्हती, आणि गामिनीत ती लांबत जाऊन अख्खा संघ काठावर यायचा. आता लोण बसला, म्हणजे अख्खा संघ बाद झाला, की समोरच्याला दोन गुण जास्तीचे मिळतात आणि बाद झालेले सातही जण पुन्हा आत येतात. त्या वेळी रांग एकदम उठते, कुल्ले झटकते, आणि मागं बसलेल्या बायाबापड्यांच्या अंगावर माती उडते. त्याबद्दल कोणी बोलत नाही.

चौकट जिथं पडते तिथंच आपली टाकलेली पांढरी संपते. आठ मीटरची ती रांग काळी आणि पांढरीच्या शिवेवर बसलेली असते. जानेवारीच्या रात्री काळी गार पडते, घाम आलेल्या अंगानं तिच्यावर पाच मिनिटं बसलं की मांडीच्या मागची शीर धरते आणि उठल्यावरच्या पहिल्याच चढाईत पाय आखडतो. त्यासाठी चौकटीत बोटभर कुटार पसरतात. भंडारा-गोंदियाकडं धानाची तणस. सोयाबीनचं कुटार टोचतं, तूर आणि गव्हाचं बरं. पोत्यात भरून देऊ नये, पोत्यावर बसलं की उंची वाढते आणि पाय दिसेनासे होतात.

काठाची दुसरी मोठी रीत म्हणजे बक्षीस. एक माणूस माइकवर असतो, शेजारी टेबल, टेबलावर वही आणि डबा. गर्दीतून चिठ्ठी येते, किंवा नुसता हात येतो आणि त्या हातात नोट असते. मग घोषणा: पुढच्या चढाईत दोन गडी मारले तर दोनशे एक, कोपरारक्षकानं घोटा धरून पकड केली तर एकशे एक. कापसाची वेचणी झालेली, सोयाबीन विकलेलं, हातात थोडा पैसा खेळतो असा तो हंगाम. एखादा म्हातारा पन्नासाची नोट देतो आणि नाव सांगू नका म्हणतो. माइकवाला त्याचं नाव सांगतोच.

ही रीत मला मनापासून आवडते, आणि म्हणूनच ती कुठं बिघडते तेही सांगायला हवं. कबड्डीचा श्वास कानानं तपासायचा असतो. ३० सेकंदांची चढाई, आणि तेवढा वेळ 'कबड्डी, कबड्डी' हा उच्चार पंचाला स्पष्ट ऐकू आला पाहिजे. त्याच वेळी भोंगा बक्षीस सांगत असेल तर दम तुटला की नाही हे कोणालाच कळत नाही. माइकवाल्यानं घोषणा फक्त दोन चढायांच्या मधल्या क्षणात करावी, आणि भोंगे ग्राउंडकडं पाठ करून, गावाकडं तोंड करून बांधावेत. दुसरं, रक्कम खेळाडूच्या हातात सामन्याच्या मध्येच देऊ नये. नोट चड्डीत खोचून खेळणारा पोरगा पकडीत अर्धं लक्ष नोटेकडं ठेवतो. वहीत लिहावं आणि सामना संपल्यावर संघाच्या कप्तानाकडं एकत्र द्यावं.

आत जाताना मातीला हात लावून तो कपाळाला लावायचा, ही रीत आखाड्यातून आली असणार. विदर्भात आखाडा आणि कबड्डी वेगळे कधी नव्हतेच. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ सालचं, आणि त्याच मंडळाच्या पथकानं १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी देशी खेळांसोबत कबड्डी तिथं करून दाखवली. उद्घाटनाचा नारळही आखाड्यासारखाच फुटतो, फक्त तो ग्राउंडच्या आत फोडू नये. करवंटीची एक कपची मातीत राहिली तर ती चाळणीच्या सगळ्या मेहनतीवर पाणी फिरवते. बाहेर दगड ठेवावा, त्यावर फोडावा.

गर्दी थांबवायला बल्ल्या रोवून दोर बांधतात. दोर पहिल्या रात्री रेषेपासून तीन मीटरवर असतो आणि अंतिम सामन्याला लॉबीला टेकतो, कारण पुढं बसलेली पोट्टी तो दोर पोटाशी धरून इंचाइंचानं सरकतात. लॉबी पकड सुरू झाल्यावरच खेळात येते, पण येते तेव्हा खेळाडू झुंडीनं तिच्यात कोसळतात. पोरं तिथं बसलेली असतील तर कोणाचातरी हात मोडणार. यावर उपाय एकच टिकतो: बल्ल्या हलवता येऊ नयेत इतक्या, दोन फूट, खोल रोवायच्या आणि दोर दोन पदरी बांधायचा, एक गुडघ्याएवढा, एक छातीएवढा. पराटीचं, म्हणजे कापसाच्या वाळलेल्या झाडांचं, कुंपण स्वस्त पडतं पण तिचे काड्यांसारखे टोकदार शेंडे डोळ्याच्या उंचीला येतात, ते कधीच नको. पुढचे बसलेले, मधले गुडघ्यावर, मागचे उभे, त्यामागं बंड्या (बैलगाड्या) आणि ट्रॉल्यांवर घरच्या बाया. ही चढती मांडणी कोणी सांगून होत नाही. "बस ना बे खाली!" एवढ्या तीन-चार शब्दांवर हजार माणसांची गॅलरी उभी राहते.

दिवे बाजूच्या रेषांच्या मागं, वीस फुटांवर. अंतिम रेषेच्या मागं लावले की चढाईपटूच्या डोळ्यांवर येतात. जनरेटर गर्दीपासून लांब ठेवावा, धूर दमाच्या खेळाला चालत नाही.

जेवणाची रीत सगळीकडं सारखीच प्रेमाची: बाहेरून आलेल्या संघाला आलू-वांग्याची भाजी, पोळी, वरण-भात, आग्रहानं. वजनगटाची स्पर्धा असेल तर पोरं दुपारपासून उपाशी असतात, किराणा दुकानातून आणलेल्या काट्यावर ५५ किलोत बसली की लगेच पंगतीला. तिथून सामन्याला किमान तीन तास हवेत. ते नसतील तर केळी आणि मुरमुरे द्यावेत, पंगत नंतर.

एक रीत मात्र बंद व्हावी. घोटा मुरगळला की काठावरून कोणीतरी जाणता येतो, पाय मांडीवर घेतो आणि नस बसवायला झटका देतो. त्यानं आतला रक्तस्राव वाढतो, हाडाला तडा असेल तर तो सरकतो. फडक्यात गुंडाळलेला बर्फ पंधरा-वीस मिनिटं, दाबपट्टी, पाय उंच, आणि वजन टाकवत नसेल तर एक्स-रे. मानेवर पडलेल्याला तर उचलायचंच नाही. डोकं जसं आहे तसं दोन हातांत धरून ठेवायचं आणि गाडी येईपर्यंत तसंच बसायचं.

२०१४ मध्ये प्रो कबड्डी आली आणि मॅट खेड्यापर्यंत पोचली. मॅटनं खरचटणं कमी केलं, तालुक्याच्या पोराला जिल्ह्याला आणि राज्याला जाताना तोच पृष्ठभाग मिळाला. याचा मला आनंद आहे. पण उघड्यावरच्या रात्रीच्या सामन्यात मॅटची अडचण दवाची. बाराच्या पुढं दव पडलं की मातीची धूळ बसते, ग्राउंड सुधारतं. मॅटवर मात्र तेच दव काचेसारखं होतं. दर सामन्याला चार जण सुती पोती घेऊन पुसत बसतात. मीटर-मीटरचे तुकडे एकमेकांत अडकवलेले असतात, खाली काळी असली की ती फुगते-आकसते आणि सांधे उघडतात. बूट हवेत, आणि सगळ्यांकडं नसतात. मॅटभोवती आता लोखंडी जाळ्या लावतात, खुर्च्या मांडतात. आउट झालेले गडी बाकावर बसतात, मांडी घालून नाही. बाक उंच असतो. बोनसची आरोळी त्या बाकावरून पूर्वीसारखी एकमुखानं उठत नाही.

ज्या गावांनी माती ठेवली आहे त्यांच्यासाठी शेवटचं काम अंतिम सामन्याच्या दुसऱ्या दिवशीचं. माती तशीच पसरून ठेवली तर बंड्या आणि गुरं तिला तुडवतात आणि पहिल्या पावसात ती काळीत मिसळते. दोनदा चाळलेली, पायांनी मळलेली, शेकडो पकडींत भाजलेली अशी माती पुन्हा मिळत नाही. म्हणून वरचा तीन बोटांचा थर फावड्यानं ओढून घ्यावा, खालचा काळीला लागलेला सोडून द्यावा. साधारण सहा ट्रॉल्या परत निघतात. शाळेच्या मागच्या भिंतीला, पाणी साचणार नाही अशा उंचवट्यावर ढीग करायचा, वरून निमुळता. भोवती वीतभर चर काढायचा. मृग लागायच्या आत ताडपत्री, ताडपत्रीच्या कडा मातीत दाबून वर दगड. पुढच्या हंगामाला चारच ट्रॉल्या आणाव्या लागतील.